कारळ्यात तेजी

हे मला आत्ताच्या आत्ता कुणालातरी सांगायचंय आणि घरात सांगायची सोय नाहीये, म्हणून जिन्यात बसून टाइप करतेय. आत आई चकलीच्या भाजणीचे तांदूळ भाजतेय. बाल्कनीत बाबा पेपर वाचतायत. आणि मला दोघांचंही एकेक गुपित माहीत आहे. बाबांचं मी दहावीत असल्यापासून माहीत होतं. आईचं आत्ता, अर्ध्या तासापूर्वी कळलं. पोटात मावत नाहीये अगदी! चुकाबिका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर आधी आमच्या घरची सकाळ सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही.

आम्ही भोपाळमध्ये अवधपुरीत राहतो. बाबा इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन होते, आता रिटायर झालेत. आई नागपूरची. मी नोकरीला इंदूरला असते, दिवाळीसाठी आलेय. मी शाळेत होते तेव्हा आमची सकाळ घड्याळावर नाही, पेपरच्या व्यापाराच्या पानावर चालायची. पेपर हिंदी. आई पोळ्या लाटतेय, मी वेणीसाठी पाठ करून उभी आहे, आणि बाबा किचनच्या दारात स्टूल टाकून ते पान मोठ्यानं वाचतायत, तेही मराठीत. मतलब, डोळ्यांनी हिंदी आणि तोंडानं मराठी, मध्ये कुठेही न अडखळता. आता विचार करते तर वाटतं, एवढं फास्ट ट्रान्सलेशन मला ऑफिसात पगार घेऊनसुद्धा जमत नाही.

त्या पानाची भाषा एकदम भारी असायची. सोनं चमकायचं, चांदी घसरायची, चणा तुटायचा, तूर मजबूत व्हायची. आणि आमच्या ताटात ते लगेच दिसायचं.

"तूर मजबूत झाली हो," बाबा म्हणायचे.

"कळलं. वरण पातळ," आई म्हणायची.

सोया तेल भडकलं की भजी बंद आणि धिरडी चालू. कांदा चढला की कांदेपोहे बटाटेपोहे व्हायचे, वर बाबा विचारायचे, "आज पोह्यात कांदा का नाही?" आणि आई म्हणायची, "तुम्हीच वाचलंत ना मघाशी?" कारखान्याला मोठी ऑर्डर मिळाल्याची बातमी आली की आमच्या अख्ख्या गल्लीत जलेबी यायची. एकदा तर एकाच सकाळी कितीतरी घरांतून जलेबी आली आणि मी शाळेत डब्यात जलेबीच नेली. आणि कारखान्याबद्दल काही उलटसुलट छापून आलं की त्या दिवशी काका लोक पानाच्या टपरीवर उभे राहून हळू आवाजात बोलायचे, आणि आम्हा पोरांना क्रिकेटमध्ये आउट झाल्यावर भांडायचीसुद्धा भीती वाटायची.

पण बाबांची खरी सवय वेगळीच. बाबा थांबायचे.

आमच्याकडे कुठलीही वस्तू सरळ जाऊन आणायची पद्धतच नव्हती. आधी तिच्याबद्दल बातमी यावी लागायची. "बजेट होऊ दे." बजेट झालं की, "आता व्याजाचं काय करतात ते बघू." ते झालं की, "सणाच्या ऑफर येतील." सण गेला की, "आता काय, बजेटच येतंय." आमचा कूलर थंडीत आला, आणि स्वेटर एप्रिलमध्ये. फ्रिजचं दार मी पाचवीपासून ओढणीनं बांधलेलं बघितलंय, कारण फ्रिजवरचा कर उतरणार होता. बाबांना कंजूष म्हणू नका हं, मला राग येईल. ते पाहुण्यांसाठी कधी हात आखडता घ्यायचे नाहीत. फक्त त्यांना वाटायचं की पेपर नीट वाचला तर माणूस फसत नाही. गंमत म्हणजे, ज्या गोष्टीसाठी ते थांबायचे ती दरवेळी महागच व्हायची. म्हणजे दरवेळी! तरी ते पुढच्या बातमीसाठी तेवढ्याच उत्साहानं थांबायचे.

आता आईकडे येते.

आईची भाजणी. थालीपिठाची आणि चकलीची. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, पुण्यात दुकानात पाकीट मिळतं. इथे नाही मिळत हो! इथे मराठी घरं आहेत, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू सोडल्या तर लांब लांब. कुणी अशोका गार्डनला, कुणी बिट्टन मार्केटच्या मागे. आणि सगळ्यांना आईची भाजणी हवी असायची. ती धान्यं वेगवेगळी भाजायची, धणे शेवटी, आणि तो वास आमच्या जिन्यात खालपर्यंत जायचा. मग डबा घेऊन चक्कीवर.

आणि इथे प्रॉब्लेम. चक्कीवाले भैया गव्हाचे माणूस. त्यांच्याकडे चांगला शरबती गहू दळायला लोक लांबून यायचे. आईचा डबा दिसला की ते हात जोडायचे.

"आंटी, आपके बाद मेरा आधा मोहल्ला धनिये वाली रोटी खाता है."

"तो अच्छा है ना भैया, सब्जी में धनिया नहीं डालना पड़ेगा," आई म्हणायची.

शेवटी ठरलं होतं असं की आईनं शनिवारी अगदी शेवटी यायचं, आणि भाजणी दळून झाली की वरून आपलेच थोडे गहू फिरवायचे, म्हणजे दगडाचा वास जाईल. ते मधलं पीठ, धड भाजणी नाही, धड कणीक नाही, आम्ही रविवारी खायचो. मला त्याची चव अजून आठवते. ती कशातच येत नाही आता.

मग एका शनिवारी भैयांनी सांगून टाकलं. नवीन चक्की बसवली होती, त्यांचा मुलगा बघत होता, आणि मुलानं सक्त सांगितलं होतं, मसालेवालं काही घ्यायचं नाही. आई भाजलेल्या धान्याचा भरलेला डबा तसाच परत घेऊन आली. मी सोबत होते.  घरी आल्यावर म्हणाली, "घरघंटी घ्यायची."

घरघंटी म्हणजे ती घरगुती पिठाची गिरणी, छोट्या कपाटासारखी दिसते ना, ती. आई तिच्याबद्दल याआधीही बोलली होती, अनेकदा. बाबांनी पेपर खाली केला.

"अगं, थांब ना जरा. कर ठरवायची बैठक आहे पुढच्या महिन्यात. घरातल्या मशिनींवरचा उतरणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"छापून आलंय."

"फ्रिजच्या वेळीही आलं होतं."

"या वेळी वेगळं आहे."

"तुमची बैठक होईपर्यंत माझी भाजणी मऊ पडेल," आई म्हणाली. "लोकांना शब्द दिलाय मी."

आणि दुसऱ्या दिवशी तिनं साडी बदलली, मला म्हणाली चल, आणि आम्ही ऑटोनं बिट्टन मार्केटकडच्या दुकानात गेलो. भाजणी विकून साठवलेले तिचे स्वतःचे पैसे. तिनं दुकानात जे प्रश्न विचारले ना! मोटर केवढी, जाळ्या किती, धणे चालतात का, आवाज शेजाऱ्यांना जातो का. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा बघत होते की आमच्या घरातली एक वस्तू कुठलीही बातमी न येता विकत घेतली जातेय. मला तर चोरी केल्यासारखंच वाटत होतं, शप्पथ.

लोडिंग ऑटोतून घरघंटी आली. बाबा दारातच उभे.  आईनं तिला हळदकुंकू लावलं, मूठभर तांदूळ टाकले, बटण दाबलं. बाबा थोडा वेळ भिंतीला टेकून ऐकत राहिले, मग टेक्निशियन जागा झाला. गुडघ्यावर बसले, खाली कान लावला.

"बेअरिंग चांगलं आहे," म्हणाले. आणि मग राहवलंच नाही, "महिनाभरात स्वस्त होईल बघ."

"होऊ दे," आई म्हणाली.

पण तिचा चेहरा जरा उतरला. मला दिसला. कारण ते वाक्य मग घरात राहिलंच. रोज सकाळी बाबा पान उघडायचे आणि आई लाटणं थांबवून ऐकायची. काही निघालं नाही की तिचा हात परत चालू. तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं एवढी मोठी गोष्ट केली होती आणि ती बरोबर होती की चूक, ते आता पेपर ठरवणार होता.

आणि मग तो दिवस आला. शाळा सुरू झाली होती, मी रिबिन बांधत होते. बाबांनी पान उघडलं, "सोनं स्थिर" म्हणाले, आणि थांबले. बाबा कधी थांबत नाहीत वाचताना! मी वळून बघितलं. त्यांचे डोळे पानाच्या मधोमध, आणि चेहऱ्यावर... कसं सांगू, दहावीच्या रिझल्टला बोर्डावर आपला नंबर दिसल्यावर असतं ना, तसं. एक सेकंद. मग ते पुसलं गेलं.

"काय झालं?" आईनं विचारलं. लाटणं थांबलेलं.

"काही नाही. ते... कारळे."

"कारळे?"

"कारळ्यात तेजी."

"कारळ्यात? एवढे कारळे कोण घेतंय?"

"परदेशात जातात."

"चटणीला?"

"नाही. पक्ष्यांना. फिनलंडच्या. तिकडे पक्ष्यांना कारळे घालतात थंडीत."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी पान घडी करून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि आंघोळ झालेली असताना परत आंघोळीला गेले.

ते कामाला निघाले तेव्हा मी जिन्यात त्यांना गाठलं. याच जिन्यात! "बाबा, काय होतं त्यात?" त्यांनी पिशवीतून पान काढून दाखवलं. घरातल्या मशिनींवरचा कर उतरला होता. मी ओरडणारच होते. "बाबा! तुम्ही बरोबर होतात! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा..."

"हळू." त्यांनी वर बघितलं. वरून घरघंटीचा आवाज येत होता, आणि त्यात आईचा. ती दळताना काहीतरी गुणगुणत होती.

"चक्कीवर जाऊन यायची तेव्हा कधी गायची का ती?" बाबांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"तिला सांगायचं नाही. बरोबर होतो एवढं कळलं मला. पुरे."

आणि डबा घेऊन कारखान्यात गेले. माझे बाबा. जे हरलेल्या मॅचमध्येही सांगतात की मी आधीच म्हणालो होतो.

पुढचे काही दिवस आमच्या घरी सेन्सॉर बसलं. टीव्हीवर बातम्या लागल्या की बाबा शेतीचा कार्यक्रम लावायचे. "बघू दे जरा, गाजरगवताचं सांगतायत." आमच्याकडे एक तुळस आहे फक्त. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि दारातूनच सुरू झाल्या, "अहो वहिनी, ऐकलंत का, ते मिक्सर-बिक्सर, गिरण्या सगळं..."

"वहिनी, चहा घ्या!" बाबा आतून ओरडले. "मी केलाय!"

बाबांनी जन्मात चहा केला नव्हता. काकू इतक्या चकित झाल्या की विषयच विसरल्या. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहील. त्यांनी बिचाऱ्यांनी पूर्ण कप प्यायला.

त्याच आठवड्यात एक छोटी गोष्ट झाली, जिच्याकडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही. आई बाहेरून आली आणि पिशवीतून घरघंटीची एक नवी जाळी काढली. जाडसर दळायची, बेसन लाडवाच्या रवाळ पिठाची. आम्हाला मिळालेल्या संचात ती नव्हती.

"ही कुठून?" बाबा.

"कंपनीनं भेट पाठवली. दुकानात आली होती."

"कंपन्या असं कधी देत नाहीत."

"देतात. तुमच्या पेपरात आलं नसेल."

बाबा एकदम जाळी उलटसुलट करून बघायला लागले. पेपरचा विषय निघाला म्हणून घाबरले असणार, असं मला वाटलं आणि मी हसू दाबलं.

आणि अजून एक. त्या दिवसापासून आईला कारळ्यांचं वेडच लागलं. अधूनमधून, एकदम मध्येच, ती विचारायची, "अहो, कारळे काय म्हणतात?" आणि बाबांना दरवेळी काहीतरी सांगावं लागायचं. "नरम आहेत जरा." "फिनलंडला बर्फ फार पडलाय, मागणी आहे." मी पोळीत तोंड लपवायचे. बिचारी आई, मला वाटायचं, किती भोळी आहे, काहीही खरं मानते. नंतर कॉलेजात असताना मी सहज शोधलं तर कळलं की कारळे खरंच परदेशात पक्ष्यांना घालतात! बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हो? काय सांगतेस!"

आता त्या सकाळी राहिल्या नाहीत. इंदूरला माझ्या खोलीत बातम्या फोनवर येतात, मी दात घासेपर्यंत सोनं, तेल, डॉलर सगळं येऊन गेलेलं असतं, आणि मी अंगठ्यानं बाजूला सारते. कुणी मोठ्यानं वाचत नाही. तूर चढली तरी माझ्या डब्यातलं वरण मेसवाल्याच्या मर्जीनं पातळ. आणि कुणी माझ्यापासून एखादी बातमी लपवू म्हटलं तर लपवूच शकणार नाही. खिशात फोन थरथरतो, झालं. कधीकधी रविवारी मी मुद्दाम हिंदी पेपर आणते आणि ते पान उघडते. भाव आता अगदी थोडक्यात येतात, कोपऱ्यात. मी मनात मराठी करून बघते. जमत नाही. मध्येच अडखळते.

तर, आज सकाळी.

दिवाळीची साफसफाई. आई म्हणाली घरघंटी पुढे ओढ, मागचं पीठ काढायचंय. मी ओढली. चाकांखाली वर्तमानपत्राचा जुना कागद, पीठ आणि तेल पिऊन पिवळा झालेला. मी तो उचलला, उलटा केला.

तेच पान.

मी बघतच राहिले. हे बाबांनी ठेवलं? छे, बाबा इतके वेडे नाहीत. मी आईकडे बघितलं. ती कपडा पिळत होती. तिनं पान बघितलं, मग माझं तोंड बघितलं, आणि पहिलं काय केलं असेल तर स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"हळू बोल. बाहेर बसलेत."

"आई! तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी."

"कसं?"

"फिनलंड!" आई म्हणाली आणि तिला हसू आवरेना, पदर तोंडाला लावला. "अगं, माझ्या माहेरी कारळ्याची चटणी रोज. मला कारळे शिकवतात! म्हटलं, हे बघायलाच हवं काय छापलंय. तुम्ही दोघं गेलात आणि मी खाली काकूंकडून त्यांचा पेपर आणला."

"मग त्या काकू वर आल्या होत्या तेव्हा?"

"त्यांना तेव्हा कुठे माहीत होतं मी का नेला ते. नंतर सांगितलं. तो चहा प्यायल्यावर त्यांनाही हसू आवरेना."

"आणि जाळी?"

"ते पान घेऊन दुकानात गेले सरळ. म्हटलं, भैया, मेरे घरवाले बोलते रहे रुको रुको, मैं नहीं रुकी. अब मेरी नाक का सवाल है. पैसे तो तुम वापस दोगे नहीं, कुछ तो दो. तासभर बसले तिथे. गिऱ्हाईकं यायची, मी त्यांना पान दाखवायची. शेवटी दिली त्यानं."

 "पण बाबांना का नाही सांगितलंस? एवढी वर्षं!"

"आधी म्हटलं, नको. म्हणतील, बघ, मी सांगत होतो. बजेटपासून सुरू करतील."

"पण ते म्हणालेच नाहीत ना."

"तेच ना," आई म्हणाली. तिनं चाकाजवळचं पीठ पुसलं, परत परत, पुसलेलंच. "मी वाट बघत होते. आज म्हणतील, उद्या म्हणतील. भांडणात तरी म्हणतील. माणूस एकदाच बरोबर ठरला आयुष्यात, आणि..."  तिनं माझ्या हातातून पान घेतलं, झटकलं, छापलेली बाजू खाली करून परत होतं तिथे अंथरलं. "ढकल आता. हळू, फाटेल. आणि त्यांना सांगायचं नाही हं, वचन दे."

वचन देऊन मी ढकलली.

मग तिनं दार उघडलं, कढईखालचा गॅस लावला, आणि तांदूळ टाकता टाकता बाल्कनीकडे आवाज दिला.

"अहो, कारळे काय म्हणतात?"

पेपर फडफडला. बाबांनी खरंच पान उलटल्याचा आवाज केला, म्हणजे बघा, अजून!

"तेजी आहे," बाबा म्हणाले. "दिवाळी आहे ना तिकडे."

फिनलंडमध्ये. दिवाळी.

मी चप्पल घालून जिन्यात आले ती इथेच बसलेय. आत जायचंय पण तोंड सरळ ठेवता येईल असं वाटत नाही. आता मला शंका येतेय की बाबांनाही माहीत आहे, आईला माहीत आहे ते. की नसेल? विचारू शकत नाही. आईला तर वचन दिलंय, आणि बाबांना त्याच्या आधीचं दिलेलं आहे.

तुमच्या घरी झालंय का असं कधी? सगळ्या गावाला माहीत असलेली एखादी बातमी कुणीतरी फक्त एका माणसासाठी घरात येऊच दिली नाही, असं? आणि त्या माणसाला खरंच कळलं नव्हतं का? सांगा ना.